लाकडी पोल : सगळा खेळ कवचाचा

वीज आणि टेलिफोनच्या तारांसाठी लागवडीच्या झाडांपासून लाकडी पोल बनवण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. लागवड करणारे, औषधप्रक्रियेच्या कारखान्यात काम करणारे आणि जागेवर पोल उभे करणारे, अशा तिन्ही ठिकाणचे वाचक यात आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी पुष्कळ उत्तरं एकाच गोष्टीपाशी येतात. लाकडी पोलात कूज आणि वाळवी रोखणारं औषध मुरतं ते फक्त बाहेरच्या थरात. तो थर म्हणजे पोलाचं कवच. ते जोवर अखंड आहे तोवर पोल टिकतो.

प्रश्न : पोलासाठी निलगिरी लावावी की पाइन? झाड किती वर्षांचं झालं की तोडावं?

दोन्हींचे पोल जगभर उभे आहेत, पण दोघांचं अंतरंग अगदी वेगळं. ताज्या कापलेल्या ओंडक्याचं तोंड पाहा : कडेला फिकट कडं आणि मधे गडद गाभा. फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ. झाड जिवंत असताना पाणी इथूनच वर चढतं, म्हणून त्यातल्या वाटा मोकळ्या असतात आणि औषधही त्याच वाटांनी आत शिरतं. गाभ्यातल्या वाटा झाडाने स्वतःच बुजवलेल्या असतात. निलगिरीत नलिकांच्या आत फुग्यांसारख्या वाढी होतात, पाइनमध्ये राळ साचते. अशा गाभ्यात कितीही दाब दिला तरी औषध जेमतेम शिरतं.

लागवडीतल्या पाइनचं रसकाष्ठ जाड असतं, पोलाचा बराचसा भाग तेच. त्यामुळे औषध खोलवर जातं आणि कवच भक्कम होतं. निलगिरीचं रसकाष्ठ बहुधा २ ते ४ सेंटिमीटर. कवच पातळ, म्हणून चुकीला जागा कमी. पण निलगिरी लवकर वाढते आणि लाकडाला ताकद असते. चांगल्या जमिनीत ८ ते १२ वर्षांत मध्यम उंचीच्या पोलाजोगं झाड तयार होतं. पाइनला साधारण २० ते ३० वर्षं लागतात, आणि ती घाईने तोडू नयेत. पाइनचा पहिल्या काही वर्षांतला मधला भाग हलका, कमजोर आणि पीळदार असतो. कोवळ्या झाडाच्या पोलात त्याचंच प्रमाण जास्त भरतं.

झाड निवडताना नुसता घेर पाहू नका. उभ्या झाडाभोवती फिरून दोन दिशांनी बाक पाहा. सालीवरच्या रेषा बुंध्याभोवती गोल चढत असतील तर लाकडाला पीळ आहे असं समजा. आखूड पोलात ३ मीटर लांबीत एक पूर्ण वेढा ही बऱ्याच ठिकाणी धरली जाणारी शेवटची मर्यादा आहे. त्याहून जास्त पीळ असलेला पोल उभा केल्यावरही वाळता वाळता वळत राहतो आणि वरची आडवी भुजा तारांसकट तिरकी होते. तोडल्यावर शेंड्याच्या मध्यापासून जमिनीच्या खुणेच्या (पोल जिथवर गाडला जाणार तिथल्या) मध्यापर्यंत दोरी ताणा. दोरी कुठेही लाकडाच्या अंगाबाहेर गेली तर तो ओंडका पोलाच्या कामाचा नाही.

प्रश्न : निलगिरीची झाडं तोडल्या तोडल्या टोकांना फाटतात. काही तर करवत बाहेर काढेपर्यंत चिरलेली असतात. लाकूड खराब आहे का?

लाकूड खराब नाही, ताणलेलं आहे. वाढत्या निलगिरीत बाहेरचे थर उभ्या दिशेने ओढलेले असतात आणि मधला भाग दाबलेला असतो. झाड अखंड असताना हे दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. आडवा काप बसला की टोकापाशी ही पकड सुटते : बाहेरचा भाग आखडतो, मधला लांबतो, आणि टोक मध्यापासून कडेकडे तीन-चार पाकळ्यांसारखं उकलतं. लवकर वाढलेल्या झाडांत हा ताण सहसा जास्त जाणवतो.

ताण घालवता येत नाही, पण फाटणं आवरता येतं. झाड पाडताना ते दगडावर किंवा दुसऱ्या ओंडक्यावर आदळू देऊ नका. त्या हिसक्यानेच पुष्कळ चिरा सुरू होतात. झाड शक्य तितकं लांब ठेवून आवारात आणा आणि मग कापा. दोन्ही टोकांना २०–३० सेंटिमीटर जादा लांबी ठेवा, म्हणजे उकललेला भाग पुढे कापून टाकता येईल. काप झाल्यावर काही तासांतच टोकावर दात असलेली लोखंडी खिळेपट्टी मध्य धरून ठोका. दुसऱ्या दिवशी ठोकलेली पट्टी उघडलेली चीर मिटवत नाही, फक्त तिथेच थांबवते. पट्टी नसेल तर टोकापासून ५–१० सेंटिमीटरवर गॅल्व्हनाइज्ड तारेचे किंवा पोलादी पट्टीचे घट्ट वेढे द्या. टोकांना मेण किंवा डांबराचा लेप दिला की टोक बाकीच्या लाकडाआधी वाळत नाही. मात्र औषधप्रक्रियेआधी हा लेप असलेला भाग कापून टाका, नाहीतर तिथून औषध शिरणार नाही. नवा काप घेतला की नवी खिळेपट्टी, हेही ओघाने आलंच.

शेंड्याकडची चीर जास्त धोक्याची. बोल्टची भोकं तिथेच असतात आणि भोकातून चीर गेली की बोल्टची पकडच जाते. बुंध्याकडची चीर ताकदीला तितकी मारक नाही, पण ती जमिनीत गाडली जाते आणि वाळवीला थेट गाभ्यात जायचा रस्ता मिळतो.

प्रश्न : पोल किती वाळले म्हणजे औषधाला तयार झाले असं समजायचं? आमच्याकडे तीन महिने ठेवायचा नियम आहे.

या अंकातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. महिने मोजून लाकूड वाळत नाही. त्याच थप्पीतला वरचा १८ सेंटिमीटरचा पोल तयार असतो आणि तळातला २६ सेंटिमीटरचा अजून गळत असतो.

आधी हे कशासाठी ते पाहू. एक घनमीटर ओल्या लाकडात पूर्ण सुकवल्यावर उरणारं लाकूड ५०० किलो आहे असं धरा. पेशींच्या भिंतींची घनता घनमीटरला १५०० किलोच्या आसपास, म्हणजे भिंतींनी सुमारे ३३३ लिटर जागा घेतली. ओल सुक्या वजनाच्या ८० टक्के असेल तर ४०० लिटर पाणी. उरली जेमतेम २६५ लिटर जागा, तीही सगळी औषधाच्या हाती लागत नाही. तेच लाकूड २८ टक्क्यांवर आलं की पाणी १४० लिटर आणि मोकळी जागा सवापाचशे लिटर. ओल्या लाकडात औषध मुरत नाही त्याचं कारण एवढं साधं आहे : आत जागाच नसते.

दुसरं कारण याहून गंभीर. लाकूड साधारण ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर आक्रसायला लागतं आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगा औषध पाजण्याआधी पडल्या तर औषध भेगेतही उतरतं आणि तिच्या दोन्ही कडांमध्ये मुरतं. ओलाच पोल पाजला तर भेगा नंतर, उभ्या पोलावर पडतात. कवच फाटतं आणि आत कोरा गाभा उघडा होतो. औषधाने बाहेरून हिरवागार दिसणारा पोल चार-पाच वर्षांत आतून पोकळ निघाला, तर आधी शंका घ्यावी ती याचीच.

म्हणून मोजायची ती रसकाष्ठाची ओल, आणि ती २५ टक्क्यांच्या आसपास, निदान ३० च्या आत हवी. दोन सुयांचं मीटर वापरा, पण सुया टोकाखेरीज सगळीकडे इन्सुलेशन असलेल्या आणि २५ मिलिमीटर आत जाणाऱ्या हव्यात. आखूड सुया वरचा वाळलेला पापुद्राच मोजतात आणि आकडा १८ दाखवतात. टोकापासून निदान दीड मीटर आत मोजा, थप्पीच्या मधल्या आणि खालच्या थरातले पोल निवडा, आणि सर्वांत जाड पोलाचा आकडा निर्णायक माना. ३० च्या वर हे मीटर फक्त ‘ओलं आहे’ एवढंच सांगतं, नेमकं किती ते नाही. शंका आली तर लाकडाची कांडी काढून तोला, १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि पुन्हा तोला. घटलेल्या वजनाला सुक्या वजनाने भागून शंभराने गुणलं की ओलीची टक्केवारी. एकदा औषध गेलं की क्षारांमुळे मीटर भलतेच आकडे दाखवतं, तेव्हा तपासणी आधीच उरका.

थप्पी कशी लावली आहे यावर अर्धं काम ठरतं. साल तोडीच्या दिवशीच काढा. ताजी निलगिरी हाताने ओढली तरी सोलते, आठवड्याने तिला पातं लावावं लागतं आणि आतली पातळ साल चिकटून राहते. त्या चिकटलेल्या चकत्यांखाली औषध जात नाही. जमिनीपासून ३०–४५ सेंटिमीटर उंच, औषध पाजलेल्याच आडव्या ओंडक्यांवर थप्पी हवी. दर दोन थरांमध्ये आडव्या पट्ट्या, वाऱ्याला सरळ वाट, खाली गवत नाही, सालीचा कचरा नाही. कोवळ्या पाइनला वाळतानाच निळी बुरशी धरते. नुसता रंग बदलला तर ताकद फारशी जात नाही, पण तिच्या मागोमाग कुजवणारी बुरशी आली की पोल गेलाच. पावसाळी हवेत पाइन भट्टीत सुकवणं म्हणून बरं.

प्रश्न : सिलिंडरमधली प्रक्रिया नेमकी किती वेळाची असावी? दाब वाढवून वेळ वाचवता येईल का?

ज्या पद्धतीने क्षारयुक्त औषध (तांबं, क्रोम आणि आर्सेनिक यांचं पाण्यातलं मिश्रण) पाजतात ती पूर्णकोश पद्धत, म्हणजे पेशी औषधाने पूर्ण भरायच्या. जॉन बेथेल यांनी १८३८ साली क्रिओसोट या डांबरी तेलासाठी तिचं पेटंट घेतलं आणि गाभा आजही तोच आहे. पोल ट्रॉलीवर पट्ट्यांनी घट्ट बांधून आत घ्या, नाहीतर द्रावण भरलं की ते तरंगून छताला लागतात. दार लावून निर्वात करा, पाऱ्याच्या ६००–६५० मिलिमीटरपर्यंत. तिथे पोचल्यावर घड्याळ लावा आणि ३० ते ६० मिनिटं धरा. निर्वात तसाच ठेवून द्रावण आत घ्या. इथेच घाईची पहिली चूक होते : पंप बंद करून मग द्रावण घेतलं तर हवा परत पेशींत शिरते. सिलिंडर पूर्ण भरल्यावर दाब, चौरस सेंटिमीटरला १० ते १४ किलो. तो सावकाश चढवा. साधारण १ ते ३ तास लागतात, पण थांबायची खूण घड्याळात नाही, टाकीच्या पातळीत आहे. दर १५ मिनिटांनी मोजटाकीची पातळी लिहा. सलग दोन-तीन नोंदींत ती जवळजवळ उतरली नाही की लाकूड आणखी घेत नाहीये. मग दाब सोडा, द्रावण काढा आणि शेवटचा निर्वात १५–३० मिनिटं द्या. त्याने पृष्ठभागावरचं सुटं द्रावण खेचलं जातं आणि बाहेर आल्यावर पोल कमी गळतात.

दाब वाढवून गाभ्यात औषध जात नाही आणि ओलं लाकूडही सुकत नाही. पोल तयार असेल तर ठरलेला दाब पुरतो.

एका ट्रॉलीवर निलगिरी आणि पाइन एकत्र घालू नका. जाडजूड आणि बारीक पोलही नकोत. पाइन भराभर पितं, पातळी झरझर उतरते आणि सगळं छान झालं असं वाटतं. निलगिरी मात्र अर्धीकोरी बाहेर येते.

प्रश्न : आमच्या नोंदवहीत औषध पुरेसं भरतं, पण प्रयोगशाळेचा अहवाल कधी कमी, कधी जास्त येतो. चूक कुठे होते?

बहुधा भागाकारात. वापरलेल्या द्रावणाला पोलांच्या एकूण घनफळाने भागलं तर निघते ती सबंध पोलाची सरासरी. प्रयोगशाळा मोजते रसकाष्ठ.

उदाहरण घ्या. निलगिरीचा मधला व्यास २४ सेंटिमीटर, रसकाष्ठ ३ सेंटिमीटर. गाभ्याचा व्यास १८. अठरा भागिले चोवीस, त्याचा वर्ग ०.५६. म्हणजे ५६ टक्के लाकूड औषधाच्या हिशेबातच नाही, रसकाष्ठ उरलं ४४ टक्के. आता द्रावण ३ टक्क्यांचं आणि पोलाने घनमीटरला १४० लिटर घेतलं, तर सरासरी ४.२ किलो. दिसायला अगदी कमी. पण ते सगळं ४४ टक्क्यांतच गेलंय, म्हणून रसकाष्ठात घनमीटरला ९.६ किलो भरलं. ऑक्साइडच्या हिशेबाने ९.६ हा आकडा बोजड भार पेलणाऱ्या पाइनच्या पोलांसाठी अमेरिकी मानकांत वापरला जातो. निलगिरीसारख्या रुंदपर्णी गटातल्या लाकडांना बहुधा याहून जास्त मागतात, कारण त्यांच्या पेशीभित्तींमध्ये औषध नीट पसरत नाही आणि मऊ कूज (लाकूड वरून मऊ पाडणारी बुरशी) लवकर धरते. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात तांबं-क्रोम-आर्सेनिक पाजलेल्या निलगिरीच्या पोलांमध्ये ही कूज अपेक्षेआधी दिसली, तेव्हापासून याकडे जास्त लक्ष गेलं.

हिशेबातली दुसरी गोम : आकडा क्षाराचा आहे की ऑक्साइडचा? औषधात पाण्याचा अंश आणि इतर घटकही असतात, त्यामुळे दोन आकडे कधीच सारखे नसतात. खरेदीदाराशी करार करताना हे लिहूनच घ्या.

तिसरी, द्रावणाची तीव्रता. नुसतं हायड्रोमीटर (द्रावणाची घनता मोजणारी नळी) बुडवून ती ठरवत असाल तर भुसा, माती आणि तापमान मिळून ते फसवतात. लाकडातून उतरलेली साखर आणि इतर रस द्रावणातल्या क्रोमला निष्प्रभ करतात, गाळ तळाशी बसतो आणि गाळाबरोबर औषधही जातं. ओले, मळके पोल पाजणाऱ्या कारखान्यात हा गाळ जास्त असतो. पोल आत घेण्याआधी झाडून घ्या, द्रावण गाळून घ्या, ते तापू देऊ नका आणि ठरावीक दिवसांनी रासायनिक तपासणी करून घ्या.

प्रश्न : हिरवा रंग सगळीकडे सारखा आला म्हणजे औषध नीट गेलं ना?

नाही. रंग फक्त पृष्ठभागाची हकीकत सांगतो. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी कांडी काढा आणि तिच्यावर क्रोम अझुरॉल एस या रंजकाचे थेंब सोडा. जिथे तांबं पोचलंय तिथे कांडी गडद निळी होते, जिथे नाही तिथे तांबूस-नारिंगी राहते. निळा पट्टा रसकाष्ठाच्या शेवटापर्यंत सलग हवा. मधे तुटलेला, ठिपक्याठिपक्यांचा पट्टा दिसला तर पोल ओला होता. कांड्या जमिनीच्या खुणेच्या आसपासच्या भागातून, भेग टाळून काढा. भेगेलगत निळा रंग खोल दिसणारच. एका खेपेतून वीसेक पोलांच्या कांड्या घ्यायची पद्धत चांगली आहे. प्रत्येक भोकात औषध पाजलेली लाकडी खुंटी घट्ट ठोका. राहिलेलं भोक म्हणजे तुम्ही स्वतः पाडलेलं खिंडार.

प्रश्न : सिलिंडरमधून काढलेले पोल त्याच दिवशी ट्रकवर भरायचा आग्रह होतो. काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. तांबं बुरशीवर, आर्सेनिक मुख्यतः किडे-वाळवीवर काम करतं, आणि या दोघांना लाकडाशी जखडून ठेवतं ते क्रोम. हे जखडणं बाहेर आल्यावर हळूहळू होतं. २० अंशांच्या आसपास एक ते दोन आठवडे, थंडीत कित्येक आठवडे. तोवर द्रावणातलं सहा-संयुजी क्रोम कायम असतं. ते कातडी जाळतं, श्वासावाटे गेल्यास कर्करोग घडवू शकतं, आणि पाऊस आला की धुऊन जमिनीत उतरतं. त्याच्याबरोबर तुम्ही पैसे मोजून पाजलेलं औषधही वाहून जातं.

म्हणून पोल आधी छपराखालच्या, न झिरपणाऱ्या फरसबंद ओट्यावर ठेवा. ओट्याला उतार हवा आणि निथळलेलं द्रावण टाकीत परत जायला हवं. निथळणं पूर्ण थांबेपर्यंत पोल तिथून हलवू नयेत, निदान ४८ तास तरी. त्यानंतरही पावसापासून आडोसा द्या. जखडणं पुरं झालं का ते कांडीवर क्रोमोट्रोपिक आम्लाचं द्रावण टाकून कळतं. जांभळा रंग आला तर सहा-संयुजी क्रोम अजून शिल्लक आहे. ओल्या पोलांना हात लावणाऱ्या प्रत्येकाला रबरी हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, अंगावर अॅप्रन. हातमोजे आतून भिजले तर ते फेकून द्यायचे, वाळवून पुन्हा घालायचे नाहीत. टाक्यांभोवतीचा बांध सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के पाणी मावेल एवढा असावा.

प्रश्न : जागेवर भोक पाडावं लागलं किंवा पोल लांब पडला तर?

लांब पडला तर बुंध्याकडून कधीही कापू नका. कोरा गाभा थेट मातीत जाईल. अगदीच गरज असेल तर शेंडा तिरका कापा आणि कापावर तांब्याच्या नॅफ्थेनेटचे दोन भरपूर हात द्या. त्यावर धातूची टोपी बसवलीत तर उत्तमच. नव्या भोकाच्या आतून तेच औषध चोळा. खरं तर भोकं, खाचा, वरचा तिरका काप हे सगळं औषधाआधीच व्हायला हवं. नकाशा आधी पक्का करा आणि मग पोल सिलिंडरला पाठवा.

प्रश्न : क्रिओसोट चांगलं की तांबं-क्रोम-आर्सेनिक?

तांबं-क्रोम-आर्सेनिकचं मिश्रण १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंती कामेसन यांनी शोधलं. आज ‘सी’ प्रकारात क्रोमियम ऑक्साइड ४७.५, कॉपर ऑक्साइड १८.५ आणि आर्सेनिक ऑक्साइड ३४ टक्के असतं. पाण्यात विरघळणारं असल्याने ते थंडच पाजता येतं आणि पोल कोरडा, रंगवण्याजोगा राहतो. पण तो कडक होतो. बुटाला काटे लावून चढणाऱ्या लाइनमनला ते जाणवतं. शिवाय आग लागल्यास धातूंमुळे लाकूड विझल्यासारखं दिसूनही आतून धुमसत राहतं. वणव्यानंतर असे पोल दुसऱ्या दिवशी कोसळतात, तेव्हा पहारा ठेवावा.

क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळतं. ते ८०–१०० अंशांना गरम करून, बहुधा रिकामकोश पद्धतीने पाजतात : आधी पेशींत हवा दाबून भरायची, मग तेल, आणि दाब सोडला की हवा जादा तेल बाहेर ढकलते. मॅक्स रूपिंग यांची ही पद्धत १९०२ सालची. पाइनमध्ये घनमीटरला १२० ते १४४ किलो क्रिओसोट राहावं लागतं. तेलामुळे पाणी आत शिरत नाही, भेगा कमी पडतात, चढायला सोपं जातं. मात्र पोल उन्हात पाझरतात, कातडी भाजते आणि आजूबाजूची माती डागळते.

पेंटाक्लोरोफेनॉलचा विचार सोडून द्या. २०१५ साली ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं आणि तेव्हा पोलांपुरती दिलेली सवलत कायमची नव्हती. घराभोवती, खेळाच्या जागी किंवा भाजीच्या वाफ्यांना आर्सेनिकयुक्त लाकूड नकोच. पोलासाठीही कोणतं औषध चालतं हे देशागणिक बदलतं, तेव्हा खरेदीआधी ते पाहून घ्या.

प्रश्न : कारखाना लांब आहे. थोडेच पोल हवेत. बुंध्याला डांबर फासून चालेल का?

ओल्या लाकडाला डांबर फासलं तर आतली ओल कोंडते आणि पोल न फासलेल्यापेक्षा लवकर कुजतो. कोरड्या लाकडावरही ब्रशने लावलेलं औषध मिलिमीटर-दोन मिलिमीटरच शिरतं. पहिली भेग पडली की संपलं.

दाबाशिवाय करता येण्याजोगी खरी पद्धत एकच सांगावीशी वाटते : गरम-थंड बुडी. पूर्ण वाळलेला बुंधा, जमिनीच्या खुणेच्या निदान ४५ सेंटिमीटर वरपर्यंत, क्रिओसोटच्या उभ्या पिंपात ठेवा. तेल ९० अंशांपर्यंत तापवून काही तास धरा. लाकडातली हवा फुगून बुडबुडे निघतील. बुडबुडे मंदावले की जाळ काढा आणि पोल तेलातच रात्रभर थंड होऊ द्या. आतली हवा आक्रसते आणि तेल आपोआप खेचलं जातं. थंड होताना पोल वर उचलला तर सगळी मेहनत वाया, कारण औषध शिरतं ते थंड होतानाच. तेल १०० अंशांच्या वर गेलं आणि लाकूड ओलं असलं तर पाणी उकळून फेस पिंपाबाहेर जाळावर पडतो. म्हणून पिंप तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका, थर्मामीटर लावा आणि जवळ वाळूच्या बादल्या ठेवा. हे कुंपणाच्या खांबांना आणि हलक्या कामाला ठीक. तारांचा ताण घेणाऱ्या पोलांना दाबप्रक्रियाच हवी.

प्रश्न : पोल उभा करताना आणि नंतर तपासताना काय पाहायचं? कूज आतून लागली तर जास्त वाईट की बाहेरून?

गाडायची खोली म्हणजे लांबीचा दहावा भाग अधिक ६० सेंटिमीटर. १० मीटरचा पोल १.६ मीटर जमिनीत. भराव १५–२० सेंटिमीटरच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. वरचा थर जमिनीपेक्षा उंच ठेवा, पाणी पोलापासून लांब जायला हवं. बुंध्याभोवती काँक्रीट ओतू नका. लाकूड आक्रसलं की त्यात फट पडते आणि तिथे पाणी साचून राहतं.

कूज सर्वांत आधी धरते ती जमिनीच्या पातळीला, थोडं वर आणि ४५ सेंटिमीटर खालीपर्यंत. तिथे ओलही असते आणि हवाही. आणखी खाली हवा नाही, वर ओल टिकत नाही. म्हणून तपासताना ४५ सेंटिमीटर खणा, माती झटका आणि टोकदार साधनाने टोचून पाहा. चांगलं लाकूड लांब तंतूंनी तुटतं, कुजलेलं ठिसूळपणे कडकन तुटतं. हातोड्याने खालून वर ठोकत जा. भरीव आवाज मधेच बद्द झाला तर जमिनीच्या पातळीला तिरकं खालच्या दिशेने गिरमिट चालवा आणि टणक कवच किती जाड आहे ते मोजा.

आतून की बाहेरून, याचं उत्तर गणितात आहे. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनावर अवलंबून असते. २४ सेंटिमीटरचा पोल बाहेरून कुजून १८ वर आला तर १८ भागिले २४ याचा घन, म्हणजे ४२ टक्केच ताकद उरली. तोच पोल आतून १८ सेंटिमीटर पोकळ झाला आणि भोवतालचं ३ सेंटिमीटर लाकूड टणक राहिलं, तर कागदावर ६८ टक्के ताकद शिल्लक असते. बाहेरचं एक सेंटिमीटर गाभ्याच्या कित्येक सेंटिमीटरांच्या बरोबरीचं आहे. तरी ३ सेंटिमीटरच्या कवचावर विसंबून कोणी वर चढू नये. त्यात एक भेग असली तर हा हिशेब कोलमडतो. ५ सेंटिमीटरपेक्षा पातळ टणक कवच उरलं की पोल बदलायच्या यादीत घालावा.

कूज नुकती सुरू असेल तर गिरमिटाच्या तिरक्या भोकांत बोरॉनच्या कांड्या घालून खुंटी मारा. त्या ओलीत विरघळतात आणि नेमक्या ओल्या भागात पसरतात. कोरड्या पोलात त्यांचा उपयोग नाही.

काढलेला जुना पोल चुलीत, शेकोटीत किंवा वीटभट्टीत जाळू नका. आर्सेनिक धुरात जातं, उरलेलं राखेत जमा होतं, आणि ती राख गुरांनी चाटली तर ती दगावतात. चांगला निघालेला भाग कुंपणाला पुन्हा वापरता येतो. कापताना उडणारा भुसा ताडपत्रीवर गोळा करा, आणि कापलेलं टोक मातीत नाही, वर राहील असा तो खांब रोवा.